एक्सएमएलला शब्दकोशाचें वेष्टन

संगणकावर पत्र लिहून तें डीओसीएक्स नमुन्यांत जतन करून ठेवणाऱ्या गृहस्थास बहुधा कल्पना नसते कीं, ती एक फाइल नसून बांधलेलें गांठोडें आहे. त्याची गांठ सोडली तर आंतून निघतात ते मुख्यतः एक्सएमएल पद्धतीनें लिहिलेले कागद. ईपब नमुन्यांतील पुस्तक उघडलें तरी तोच प्रकार, आणि बातम्या पुरविणारी आरएसएस यादी हीहि त्याच घराण्यांतली. ह्या पद्धतीचे नियम डब्ल्यूथ्रीसी ह्या मंडळानें १० फेब्रुवारी १९९८ रोजीं शिफारस म्हणून प्रसिद्ध केले. तिचा पूर्वज एसजीएमएल हा १९८६ सालींच आंतरराष्ट्रीय मानक झाला होता. परंतु तो इतका विस्तृत कीं, त्यांतला बराच भाग गाळूनच हें नवें रूप सिद्ध करावें लागलें.

नियम सोपे आहेत. मजकुराच्या आधीं एक उघडणारी खूण, शेवटीं तिला बंद करणारी खूण. खुणेच्या पोटांत दुसऱ्या खुणा. आणि हवे असल्यास उघडणाऱ्या खुणेंतच क्रमांकासारखे कांहीं गुण. माणसास हें वाचतां येतें. पंचाईत होते ती प्रोग्रॅम लिहिणाराची. एखाद्या ग्रंथालयाची यादी घ्यावी. तींत प्रत्येक पुस्तकाखालीं शीर्षक, वर्ष व लेखक अशा खुणा आहेत. १९९८ सालच्याच ‘डॉम’ ह्या प्रमाणित रीतीनें शीर्षक काढावयाचें, तर शीर्षक नांवाच्या सर्व खुणा दे, त्यांतली पहिली दे, तिचें पहिलें अपत्य दे, त्या अपत्याचा मजकूर दे, अशी चार पायऱ्यांची विनवणी करावी लागते. शिवाय दोन खुणांमधील मोकळी जागासुद्धां ह्या हिशेबांत अपत्यच धरली जाते!

पायथन भाषेच्या भांडारांत फ्रेड्रिक लुंड ह्यांचें ‘एलिमेंटट्री’ २००६ सालीं दाखल झालें, तेव्हां हा जाच पुष्कळ कमी झाला. तरी तेथेंहि मागितलेली खूण नसली तर ‘नन’, म्हणजे कांहींच नाहीं, असें उत्तर येतें. आणि त्या ‘कांहींच नाहीं’चा मजकूर विचारतांच प्रोग्रॅम बंद पडतो. त्याहून फसवें असें कीं, जिच्या पोटांत दुसरी खूण नाहीं ती खूण ‘आहेस काय?’ ह्या प्रश्नास नकार देते. शीर्षक समोर लिहिलेलें असून प्रोग्रॅम म्हणतो, शीर्षक नाहीं. २०२३ सालच्या ३.१२ ह्या आवृत्तीपासून असा प्रश्न विचारल्यास ताकीद मिळूं लागली. उशिरा कां होईना, बरें झालें.

ह्याच्या उलट पायथनमधील ‘डिक्शनरी’ किती सुटसुटीत! शब्द सांगावा, अर्थ घ्यावा. तेव्हां खुणेभोवतीं शब्दकोशासारखें वागणारें एक पातळ वेष्टन घालावें, ही युक्ति सहज सुचण्याजोगी आहे. वेष्टन म्हणजे एक लहानसा क्लास. तो मूळ खूण जशीच्या तशी पोटाशीं धरतो. चौकोनी कंसांत नांव दिलें कीं पायथन त्या क्लासमधील ‘गेटआयटम’ ह्या ठराविक नांवाच्या फंक्शनला हांक मारतो. तें आंतल्या खुणेखालीं शोध घेतें आणि जें सांपडेल त्यावर तसेंच वेष्टन चढवून परत देतें. त्यामुळें नांवापुढें नांव ठेवीत हव्या त्या खोलीपर्यंत उतरतां येतें. सारें काम वीसपंचवीस ओळींत मावतें.

खरी परीक्षा होते ती एक आणि अनेक ह्यांच्या भेदांत. यादींत १८३१ सालचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असला, तर मोल्सवर्थ व त्याचे साहाय्यक कँडी बंधू मिळून लेखकाच्या तीन खुणा होतील. एक्सएमएलचें सरळ डिक्शनरींत रूपांतर करणारीं साधनें अशा वेळीं तीन नांवांची यादी देतात, आणि ती यादी एकेक करून वाचणारा प्रोग्रॅम बिनचूक चालतो. पुढें ‘पण लक्षांत कोण घेतो’ येतें. लेखक एकच, हरि नारायण आपटे. आतां साधन यादी न देतां नुसतें नांव देतें. प्रोग्रॅम तेंच एकेक करून वाचूं लागतो आणि पहिला लेखक म्हणून ‘ह’ छापतो, दुसरा ‘र’, आणि तिसरी नुसती पहिली वेलांटी! तक्रार कोठेंच नाहीं. ग्रंथपालास कळतें तें यादी छापून हातीं आल्यावर. कसोटीसाठीं घेतलेल्या नमुन्यांत सर्व पुस्तकें अनेक लेखकांचींच असलीं, तर ही चूक महिनोन्महिने दडून राहते.

पर्ल भाषेंतील ‘एक्सएमएल सिंपल’ ह्या साधनाला ह्याच दोषापायीं ‘फोर्सअरे’ हा पर्याय ठेवावा लागला, आणि नव्या कामांत आपला उपयोग करूं नये असा स्पष्ट सल्ला त्याच्या स्वतःच्याच माहितीपत्रकांत छापलेला आहे. एवढा प्रामाणिकपणा विरळा. पायथनमधील ‘एक्सएमएलटूडिक्ट’मध्येंहि ‘फोर्सलिस्ट’ असाच पर्याय आहे. परंतु कोणतीं नांवें अनेक असूं शकतात हें वापरणारानें आधीं सांगावें लागतें. तो विसरला कीं पुन्हां वेलांटी.

म्हणून संपूर्ण रूपांतरापेक्षां वेष्टन बरें. त्यास दोन निरनिराळीं फंक्शनें देतां येतात: एक ‘पहिला द्या’ म्हणणारें, दुसरें ‘सर्व द्या’ म्हणणारें, आणि दुसऱ्यानें एक असो, तीन असोत कीं एकहि नसो, नेहमीं यादीच द्यावी. मूळ खुणांचें झाड आंत शाबूत असल्यानें एका वाक्याच्या मध्येंच ठळक अक्षरांचा शब्द आला तरी मजकुराचा क्रम बिघडत नाहीं. डिक्शनरींत रूपांतर केल्यास वाक्य एकीकडे व ठळक शब्द दुसरीकडे पडतो.

नसलेल्या नांवास काय उत्तर द्यावें, हा वाद राहतो. कित्येकजण रिकामें वेष्टन देतात, म्हणजे पुढचीं नांवें विचारीत गेलें तरी प्रोग्रॅम मोडत नाहीं. ही सोय घातक होय. वर्षाची खूण लिहितांना एक अक्षर चुकलें, तर प्रत्येक पुस्तकाचें वर्ष कोरें छापलें जाईल आणि कोणी हूं कीं चूं करणार नाहीं. चौकोनी कंसांनीं मागितलेलें न मिळाल्यास डिक्शनरीप्रमाणें ‘की-एरर’च उठवावा, आणि नसलें तरी चालेल अशा ठिकाणीं ‘गेट’ फंक्शन वापरून पर्यायी उत्तर मागणारानें स्वतः लिहावें. पायथनच्या डिक्शनरीचा रिवाज तोच आहे, आणि तो मोडणाऱ्या वेष्टनास शब्दकोशाचें नांव शोभत नाहीं.