राज्य लोकांच्या हाती देणारे आप्पासाहेब पंत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. माझे माहेर आटपाडीकडचे, म्हणून औंधच्या आप्पासाहेब पंतांविषयी चार शब्द सांगते.

त्यांचा जन्म १९१२ चा. वडील औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार केला ते हेच. आप्पासाहेब विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले. परत आल्यावर वकिली करावी, नाहीतर वाड्यात सुखाने राहावे. कोण नावे ठेवणार होते? पण गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने बापलेकांनी निराळेच केले. १९३९ साली राजेसाहेबांनी आपण होऊन सत्ता सोडली. बहात्तर खेड्यांचा कारभार गावच्या पंचायतींकडे गेला. खेडुतांना हिशेब काय कळणार, ही सबब त्यांनी पुढे केली नाही.

आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. तेथे कैद्यांना कोंडून न ठेवता शेतीला लावले, घरच्यासारखे राहू दिले. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यावरूनच निघाला. चित्रपट आपण डोळे पुसत पाहिला, पण गावाचे नाव किती जणींना ठाऊक आहे?

१९४८ मध्ये औंध विलीन झाले. नेहरूंनी आप्पासाहेबांना भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला धाडले. तेथे ते आफ्रिकी लोकांच्या बाजूचे, म्हणून इंग्रजांना खुपू लागले. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम. १९५८ मध्ये नेहरू भूतानला निघाले तेव्हा मोटाररस्ता नव्हता. डोंगरातून घोड्यावर बसून जायचे. आप्पासाहेब बरोबर होते. परक्या देशात कोणाचा मान कुठे, कोण आधी, कोण मागून, हे सारे राजदूताला सांभाळावे लागते. आपल्याला एका लग्नातले मानपान निभत नाहीत! १९९२ मध्ये, ऐंशी वर्षांचे होऊन ते गेले.

आता माझे. मंडळाच्या पेटीची किल्ली आठ वर्षे माझ्याच कमरेला आहे. नव्या सुनांना हिशेब जमणार नाही, असे मी दरसाल म्हणत आले. औंधचे वाचल्यापासून ते वाक्य तोंडातून निघेना. ही किल्ली आणि ही वही. टेबलावर ठेवते आहे. कोणी घ्यायची ते तुम्ही आजच ठरवा. पहिले दोन महिने मी शेजारी बसेन, पण विचारले तरच बोलेन.