पाडण्याआधी एकदा मोजून घेऊ या

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मुख्याध्यापकांनी आत्ताच आपल्या जुन्या दगडी इमारतीचा विषय काढला. ती पाडून नवी बांधायची की दुरुस्त करायची, हे यंदा ठरायचं आहे. मी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला सॉफ्टवेअरचं काम करते. तिथून रेल्वेने पाव तासावर बाथ नावाचं शहर आहे. तिथल्या एका संस्थेचा अनुभव या निर्णयाआधी तुम्हाला सांगावासा वाटतो.

बाथ हे मधाच्या रंगाच्या दगडाचं शहर. तिथली 'रॉयल क्रेसेंट' ही चंद्रकोरीसारखी तीस घरांची रांग १७६७ ते १७७५ या काळात उभी राहिली. शहराचं हे रूप जपायला १९३४ मध्ये 'बाथ प्रिझर्वेशन ट्रस्ट' ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. आठच वर्षांनी, एप्रिल १९४२ मध्ये, शहरावर बॉम्ब पडले आणि चारशेहून अधिक माणसं गेली.

पण जुन्या घरांचं पुढचं मोठं नुकसान युद्ध संपल्यावर, रीतसर परवानगीने झालं. १९६० नंतरच्या दशकात कारागिरांच्या साध्या घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या गेल्या. घरं ओलसर होती, मोडकळीला आली होती, सोयी नव्हत्या, हे खोटं नव्हतं. क्रेसेंटसारख्या देखण्या वास्तू राखल्या की झालं, असा तेव्हाचा विचार होता. या पाडापाडीवर अॅडम फर्ग्युसन यांनी १९७३ मध्ये 'द सॅक ऑफ बाथ' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि वारं फिरलं. १९८७ मध्ये बाथला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गेलेली घरं मात्र परत आली नाहीत.

साध्या घराची किंमत काय असते, याचं उदाहरण त्याच शहरात आहे. न्यू किंग स्ट्रीटवरचं १९ नंबरचं घर बाहेरून शेजारच्या घरांसारखंच दिसतं. तिथे विल्यम हर्शेल हे संगीतकार बहीण कॅरोलिनसह राहत. १३ मार्च १७८१ च्या रात्री मागच्या बागेतून, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून त्यांना युरेनस दिसला. दुर्बिणीचा आरसा ओतताना तापलेला धातू सांडून फरशीला तडे गेले. ते आजही तिथे बघायला मिळतात. आता ते घर संग्रहालय आहे आणि हाच ट्रस्ट ते चालवतो.

या ट्रस्टकडे कोणाचं बांधकाम थांबवायचा अधिकार नाही. तो अधिकार नगर परिषदेचा. ट्रस्टची माणसं बांधकामाचे अर्ज वाचतात, नकाशे तपासतात आणि लेखी मत देतात. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि संग्रहालयांची तिकिटं यांवर हे चालतं. काम कंटाळवाणं आहे, पण घरं त्यामुळेच वाचतात. आमच्या धंद्यातही जुना प्रोग्रॅम काढून टाकण्याआधी, त्यावर काय काय अवलंबून आहे ते आधी शोधतात.

आता आपल्याकडे येते. गळक्या छपराखाली मुलं बसवायची नाहीत, यावर कोणाचंच दुमत नाही. आठही वर्ग बंद ठेवले, ते योग्यच केलं. पण इमारत धोकादायक का झाली, हे अजून कोणी तपासलेलं नाही. दगड आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून खराब होते. आपल्या मागच्या भिंतीला सिमेंट लावलेलं आहे. दोष तिथे असेल, तर खर्चाचं गणितच बदलेल. वासे कुजले असतील, तर वेगळं गणित.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, चुन्याच्या आणि लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या इंजिनिअरकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊ. दोन, आर्किटेक्टकडून पूर्ण इमारतीचे मोजमापासह नकाशे काढून घेऊ. तीन, प्रत्येकाने घरातले शाळेचे जुने फोटो शोधून, वर्ष लिहून पाठवावेत. ते एकत्र लावून ठेवायचं काम माझं.

आज जमणाऱ्या निधीतला पहिला खर्च या तीन गोष्टींवर व्हावा, एवढीच विनंती. अहवाल आल्यावर इमारत पाडावी लागेल असं ठरलं, तर मी विरोध करणार नाही. निदान काय पाडतोय, हे आपल्याला माहीत असेल आणि त्याचे नकाशे पुढच्या मुलांसाठी शाळेत राहतील. आणि ती वाचण्यासारखी निघाली, तर दुरुस्तीच्या वर्गणीत पहिलं नाव माझं लिहा.