दक्षिणेकडील ऊन

चिली देशाच्या दक्षिण टोकाशीं, ५३ अक्षांशांवर, पुंता आरेनास हें बंदर आहे. ऑक्टोबर म्हणजे तेथील वसंत. ऊन कोंवळें, वारा बोचरा. अशा उन्हानें कातडी भाजेल हें कोणास खरें वाटावें? परंतु ऊब निराळी आणि जंबुपार किरण निराळे. अंगास गारवा लागत असतांही ते आपलें काम करीत असतात.

त्यांना थोपविणारा ओझोन वायु उंच आकाशांत असतो. शीतकपाटांतील क्लोरीनयुक्त वायु तेथवर पोंचले. ध्रुवावरील हिंवाळ्यांत, उणे ७८ अंशांखालीं, जे ढग जमतात त्यांच्या कणांवर हा क्लोरीन जागा होतो, आणि सूर्य परततांच ओझोनचा फडशा पाडतो. फार्मन, गार्डिनर व शँक्लिन ह्या ब्रिटिश संशोधकांनीं ही घट १९८५ सालीं जाहीर केली. दोनच वर्षांनीं माँट्रियल येथें करार झाला. राष्ट्रांनीं इतकी तत्परता क्वचितच दाखविली असेल!

तरी त्या वायूंपैकीं कांहींचें आयुष्य सुमारें शंभर वर्षांचें. ते सोडले बहुतांशीं उत्तर गोलार्धानें, आणि विवराची कड सरकते ती पुंता आरेनासच्या घरांवरून. तेथील ध्रुवावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा २०२२ सालचा अंदाज आहे. तोंवर त्या गांवच्या आयांना कोंवळ्या उन्हांतही मुलांच्या डोक्यावर टोपी घालावी लागणार.