श्रद्धेची शिदोरी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



माहेर सोडणे आपल्या स्त्रियांना नवे नाही. परंतु पुन्हा माहेरी येणे बहुधा घडणार नाही, हे जाणून उंबरठा ओलांडणाऱ्या दोन स्त्रियांची हकीकत आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. त्या परक्या देशाच्या. मात्र त्यांना पाठविणारी संस्था आपल्या ओळखीची आहे. बोस्टनच्या ज्या मिशनरी बोर्डाचे पहिले धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईस उतरले आणि ज्याच्या अहमदनगर येथील मंडळींनी १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला, त्याच बोर्डाने १८३६ साली नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग यांना त्यांच्या पतींसह अमेरिकेच्या पश्चिम सीमेपलीकडे, ओरेगॉन प्रदेशात धाडले.

नार्सिसाचा विवाह १८ फेब्रुवारी १८३६ रोजी झाला आणि लगेच प्रवास सुरू झाला. ४ जुलै रोजी या दोघींनी घोड्यावरून रॉकी पर्वताची खिंड ओलांडली. खुष्कीच्या मार्गाने तो पर्वत ओलांडणाऱ्या त्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया मानल्या जातात. वाटेत ओझे हलके करावे लागे. बहिणीने दिलेली लहानशी पेटी टाकून देण्याची पाळी आली, तेव्हा नार्सिसाने त्या पेटीलाच उद्देशून निरोपाचे चार शब्द लिहिले. पुढे सोबतच्या एका गृहस्थाने ती आपल्याबरोबर घेतली. पण जिचा जीव एका पेटीत असा गुंतला होता, तिने माहेर कोणत्या बळावर सोडले असेल? तिच्या पत्रांतून याचे एकच उत्तर मिळते: हा मार्ग प्रभूने नेमून दिला आहे, ही अढळ श्रद्धा.

या श्रद्धेची कसोटी लवकरच लागली. वायलाट्पू येथील त्यांच्या ठाण्यावर १४ मार्च १८३७ रोजी, नार्सिसाच्याच वाढदिवशी, तिला कन्या झाली. ॲलिस दोन वर्षांची असताना, जून १८३९ मध्ये, घराजवळच्या नदीत बुडाली. ते दुःख मातेने ईश्वराची इच्छा म्हणून पत्करले. पुढे १८४४ साली वाटेतच आईबाप गमावलेली सेगर कुटुंबातील सात भावंडे तिने पदराखाली घेतली.

तथापि, येथे सत्य सांगितलेच पाहिजे. ज्या कायूज लोकांसाठी ती आली होती, त्यांच्याशी तिचे मन जुळले नाही. ते लोक स्वयंपाकघरात मोकळेपणाने वावरत, याचा तिला जाच वाटे. नव्या घरात त्यांच्यासाठी निराळी खोली ठेवण्यात आली. इकडे गोऱ्या वसाहतवाल्यांचे तांडे वर्षागणिक वाढू लागले. १८४७ साली गोवराची साथ आली. त्या रोगाशी पूर्वी कधी गाठ न पडलेल्या कायूज जमातीपैकी सुमारे निम्मे लोक मरण पावले. गोरी मुले मात्र बहुतेक बरी झाली. डॉक्टर व्हिटमन विष घालतात, असा संशय बळावला. रोगी दगावल्यास वैद्याचा जीव घेण्याची त्या लोकांत रूढीही होती. २९ नोव्हेंबर रोजी हल्ला झाला. पतिपत्नी दोघेही मारली गेली. १८५० साली पाच कायूज पुरुषांना फाशी देण्यात आले. हानी उभयपक्षी झाली.

एलायझाची वाट थोडी निराळी. प्रकृतीने नाजूक, स्वभावाने अबोल अशी ही बाई लॅपवाई येथे नेझ पर्स लोकांत राहिली. तिने त्यांची भाषा आत्मसात केली, स्वहस्ते चित्रे काढून धर्मकथा समजावल्या, स्त्रियांना सूत कातणे व विणणे शिकविले. १८३९ साली हवाई बेटांतील मिशनकडून आलेल्या छापखान्यावर त्या भाषेतील पुस्तिकाही छापली गेली. हल्ल्याच्या वेळी तिची दहा वर्षांची मुलगी वायलाट्पूलाच होती. बंदिवासात ती दुभाषी झाली, कारण आईच्या अंगणात ती भाषा तिच्या कानी पडली होती. तिकडे लॅपवाईस नेझ पर्स लोकांनीच एलायझाचे रक्षण केले. ती १८५१ साली निवर्तली.

दोघींची श्रद्धा सारखीच खरी होती, धैर्यही सारखेच. फरक एवढाच की, एकीने परक्यांना घराबाहेर ठेवूनच त्यांचे हित करू पाहिले आणि दुसरीने त्यांची बोली आपल्या घरात आणली. याच बोर्डाने १८२७ साली मुंबईस पाठविलेल्या सिंथिया फॅरार या अविवाहित बाईंचे उदाहरण घ्या. त्यांनी मराठी मुलींना शिकविण्यात आयुष्य वेचले आणि १८६२ साली नगरलाच देह ठेवला. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ती मिळाली. ओसाड दिसणाऱ्या सीमेवर पेरलेले बी असेही उगवते.

आपण परप्रांती आलो ते धर्मप्रचारासाठी नव्हे, पोटासाठी. तरीही देव्हारा, ओव्या, हळदीकुंकू ही शिदोरी आपल्या मायभगिनींनी येथवर आणली आणि पन्नास वर्षे जपली, म्हणून हे मंडळ उभे आहे. ती शिदोरी अवश्य जपावी. मात्र शेजारच्या घरातली भाषा आपल्या मुलांच्या ओठी आहे ना, हेही अधूनमधून पाहावे. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.