कामाची शिस्त, लोकसेवेचे व्रत



स्वागतसमितीच्या आणि पाम गावच्या समस्त रहिवाशांच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. स्थानिक स्वराज्य संस्थांतील कार्यनियोजनाचा विचार करणारी ही परिषद आमच्या गावी भरावी यात औचित्य आहे. कारण योजनांचे सामर्थ्य आणि त्यांचे अपुरेपण ही दोन्ही या परिसराने फार जवळून पाहिली आहेत.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींना अनुसरून 1962 साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, 1993 मध्ये ग्रामपंचायतींना घटनात्मक अधिष्ठान लाभले, 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेचा शब्द वजनदार केला आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी आपला पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. अधिकार आला, कारभार जवळ आला. आता हाती आलेल्या अधिकाराचे फळ ठरल्या मुदतीत रयतेच्या दारी कसे पोहोचवावे, हा खरा प्रश्न आहे.

एखाद्या पाड्याच्या नळयोजनेचेच उदाहरण घ्या. प्रशासकीय मान्यता मिळते, तांत्रिक मान्यता होते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश हाती पडतो. टाकी उभी राहते, नळही जमिनीखाली जातात. परंतु पंपाच्या वीजजोडणीचा अर्ज करावयाचा कोणी, हे कोणत्याच दप्तरात नमूद नसल्यामुळे, माणशी रोज 55 लिटर पाणी देण्याचा शासनाचा संकल्प कागदावरच राहतो आणि डोईवर हंडा घेतलेली माउली पूर्वीच्याच वाटेने विहिरीकडे जात राहते. येथे कोणी अपहार केलेला नसतो, कोणी कामचुकारपणाही केलेला नसतो. प्रत्येकाने आपापले काम केलेले असते, मात्र सर्व कामांचे सूत्र एका हाती नसते.

आपला शेतकरी राब भाजतो, पेरणी करतो, मग आवणीला लागतो. हा क्रम तो कधी चुकवीत नाही. आपल्या कारभारात मात्र निधी मार्चअखेरीस खर्ची टाकण्याची घाई होते आणि रस्त्याची खडी जूनच्या पहिल्या सरीत वाहून जाते. पावसाळ्याचे चार महिने वगळून वर्षाची आखणी करणे ही या भागात पहिली दक्षता होय.

नियोजनाची थोरवी पाहावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र 1969 साली तारापूरलाच सुरू झाले. तेथील चौथ्या अणुभट्टीचे काँक्रीटकाम 2000 साली आरंभून पाच वर्षांच्या आत, नियोजित मुदतीच्याही आधी, ती प्रज्वलित झाली. परंतु केंद्राच्या याच विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील ज्या कुटुंबांनी घरदार सोडले, त्यांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणी मात्र उच्च न्यायालयापर्यंत गेली. यंत्राची मुदत जितक्या निष्ठेने पाळली जाते तितक्याच निष्ठेने माणसाला दिलेल्या वचनाची मुदत पाळली गेली पाहिजे, हा धडा या भूमीने आपल्यापुढे ठेविला आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, प्रत्येक कामास आरंभापासून अखेरपर्यंत एक जबाबदार व्यक्ती असावी. कामाचे कालपत्रक आणि जमाखर्च पंचायतीच्या फलकावर लागावेत. मोजमाप पुस्तिकेतील नोंद प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहिल्याविना देयक निघू नये. आणि ज्यांच्यासाठी काम झाले त्यांनी ग्रामसभेत ते मान्य केल्यावरच पूर्णत्वाचा दाखला दिला जावा. पुढील देखभालीची तजवीजही मूळ अंदाजपत्रकातच असावी. यांस मोठा खर्च लागत नाही. लागते ती चिकाटी आणि एकमेकांना हिशेब देण्याची तयारी.

आपल्या चर्चेतून निदान एक तरी निश्चित कार्यपद्धती ठरावी आणि येत्या ग्रामसभेपासूनच तिचा अंमल सुरू व्हावा, एवढी विनंती.