एका हौशी रेडिओचा जीर्णोद्धार



शाळेंतून निवृत्त झालेला मास्तर एक तर भजनी मंडळांत जातो, नाहीं तर नातवंडांस पाढे शिकवूं लागतो. मी जुने रेडिओ उघडून बसूं लागलों. घरच्या मंडळींस हा पोरखेळ वाटतो, आणि त्यांचें अगदींच चुकतें असें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी आपल्या कैलासवासी वडिलांचें ग्राहकयंत्र घेऊन आला. वडील परवानाधारक हौशी रेडिओवाले. यंत्र त्यांनीं स्वतः बांधिलेलें. दोन व्हॉल्व्ह, लांकडी फळी, आणि एका निकामी व्हॉल्व्हच्या बुडावर गुंडाळलेलें तारेचें वेटोळें. बुडाला पाय असतातच, म्हणून असें वेटोळें खोबणींत बसवितां व काढतां येतें. त्यावर चिठ्ठी होती, "१४ व ५ फेरे."

"गुरुजी, आंत सगळें नवें घाला, पण तें बोलूं द्या," एवढेंच तो म्हणाला.

हें यंत्र ज्या तत्त्वावर चालतें तें एडविन आर्मस्ट्राँग यानें १९१२ सालीं, कोलंबिया विद्यापीठांत विद्यार्थी असतांना, शोधून काढिलें. व्हॉल्व्हनें वाढविलेल्या लहरीचा अंश लहान वेटोळ्यावाटें पुन्हां त्याच व्हॉल्व्हच्या तोंडीं घालावयाचा, कीं एकटा व्हॉल्व्ह अनेकांचें काम करितो. घांस अति झाला कीं यंत्र शीळ घालूं लागतें.

पूर्वीं असें एक यंत्र मीं उतावळेपणानें थेट विजेला जोडलें होतें. आंतला सुकलेला कंडेन्सर शॉर्ट झाला, धूर निघाला, ट्रान्स्फॉर्मर जळाला. मालकानें मुकाट्यानें डबा उचलला. तेव्हांपासून मी ६० वॅटचा तारेचा दिवा मालेंत घालूनच वीज देतों. दिवा लख्ख पेटून राहिला तर आंत दोष आहे असें समजावें. आणि वीज काढल्यावरहि कंडेन्सरांत शेंकडों व्होल्ट राहूं शकतात. ते रोधकावाटें उतरविल्यावांचून हात घालूं नये.

कागदी कंडेन्सर मीं सारे बदलले. त्यांना गळती लागलेली होती. वेटोळ्यास मात्र हात लावला नाहीं. यंत्र तापलें, खरखरलें, पण शीळ घालीना. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं भिंगांतून पाहतां लहान वेटोळ्याच्या टोकांवरील डाख इतरांहून निराळा, ओबडधोबड दिसला. टोकें उलटीं जोडलेलीं! मग परत आलेली लहर मूळ लहरीस साह्य करण्याऐवजीं तिलाच मारते.

मीं त्यास विचारलें. बराच वेळ तो बोलला नाहीं. वडील अंथरुणास खिळले असतां त्यांना ऐकवावें म्हणून सुटलेल्या तारा त्यानें शाळकरी हातांनीं जोडल्या होत्या. यंत्र बोललें नाहीं; महिन्याभरानें वडील गेले. त्या वर्षीं तो माझ्याच वर्गांत होता, आणि गृहपाठ न केल्याबद्दल मीं त्याला उभें केलें होतें.

टोकें मीं बदललीं नाहींत. तापलेलें सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातीं दिलें.

संध्याकाळीं ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारें ४३ मीटरवर, शीळ उमटली. हल्लींचे बहुतेक हौशी लोक या पट्ट्यांत बोलतांना वाहक लहर गाळून टाकतात. साध्या रेडिओवर तें बोलणें बदकांच्या कलकलाटासारखें लागतें. शिळेच्या किंचित् पलीकडे नेलेलें हें यंत्र ती उणीव आपल्याच लहरीनें भरून काढतें. कोणी दोघे एरियलच्या उंचीविषयीं हुज्जत घालीत होते.

मी उठूं लागलों. "गुरुजी, जरा थांबा," तो म्हणाला. खुंटीवरचा हात त्यानें काढला नव्हता.