डावं कोणाचं?



लाखांदूर, पवनी, साकोली या पट्ट्यात रोवणी लागली, की बाया दिवसभर बांधीत वाकून असतात. अशा वाकलेल्या बाईचं डोकं कमरेच्या खाली गेलेलं असतं. आता मला सांगा, त्या घडीला तिचं डोकं दुखलं, तर ते अंगाच्या वरच्या भागात दुखलं म्हणायचं, की खालच्या? डॉक्टरांच्या हिशोबानं वरच्याच. ती वाकू दे, झोपू दे, झाडावर उलटी लटकू दे, डोकं वरच राहतं आणि पाऊल खालीच. पाहणाऱ्यानं कुठून पाहिलं आणि माणूस कसा पडला होता, याच्याशी शरीराच्या दिशांना काही देणंघेणं नाही. आज बोलायचंय ते या दिशांबद्दलच.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवता येत असेल, तर जरा उभेच राहा. तोंड समोर, पावलं पुढे, हात अंगालगत खाली सोडलेले. आता तळवे पुढे वळवा. अंगठे बाहेर गेले असतील आणि करंगळ्या मांडीला टेकल्या असतील. असं अवघडून कोणी उभं राहत नाही, हे मान्य. पण शरीररचनाशास्त्रातला प्रत्येक शब्द माणूस असाच उभा आहे असं धरून बोलला जातो. तळवे पुढेच का? कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, अंगठ्याकडचं रेडियस आणि करंगळीकडचं अल्ना. तळवा पुढे असला की ही दोन्ही शेजारी-शेजारी सरळ राहतात. तळवा मागे फिरवला की रेडियस अल्नाला ओलांडून तिरकं जातं. मग आतलं कोणतं, बाहेरचं कोणतं, याचा पत्ता लागत नाही. म्हणून एक उभं राहणं कायमचं ठरवून टाकलं.

एवढं ठरलं की बाकीचं सोपं आहे. डोक्याकडचं ते सुपीरिअर, पायाकडचं ते इन्फीरिअर. पोटाकडचं अँटेरिअर, पाठीकडचं पोस्टेरिअर. नाकावरून बेंबीकडे एक उभी रेघ ओढा. त्या रेघेच्या जवळचं ते मीडियल, लांबचं ते लॅटरल. म्हणजे अंगठा लॅटरल आणि करंगळी मीडियल. ऊर्ध्व, अग्र, पश्च, पार्श्व असे शब्द मराठी परिभाषेत आहेत आणि ते चांगलेही आहेत. पण दवाखान्यातून तुमच्या हातात पडणाऱ्या कागदावर इंग्रजीच असतं, म्हणून ती नावं कानावरून गेलेली बरी.

हे शब्द एकामागे एक लावले, की पत्ता तयार होतो. कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूला एक टोक असतं. सडपातळ माणसाला ते बोटाला सहज लागतं. त्याचं नाव अँटेरिअर सुपीरिअर इलिॲक स्पाइन. ऐकायला मंत्र वाटतो, पण अर्थ इतकाच, की इलियम नावाच्या हाडाचं पुढचं, वरचं टोक. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या शल्यचिकित्सकानं 1889 मध्ये ॲपेंडिक्सच्या दुखण्याची जागा सांगितली, ती या टोकावरूनच. उजवीकडच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ धरायची आणि टोकाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट दाबायचं. आजही सर्जन उजव्या पोटावर हात ठेवतो तेव्हा त्याचं बोट त्या जागेवर थांबतं. ‘पोट दुखते जी’ म्हणणाऱ्याला तो ‘नेमकं कुठं?’ असं परत परत विचारतो, त्याचं कारण हे आहे.

नावांचा हा शिस्तशीरपणा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात एकेका अवयवाला देशागणिक आणि शिक्षकागणिक नावं होती. एकूण संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली होती. 1895 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी ती छाटून पाच हजारांच्या आसपास आणली. आज वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय यादीचं मूळ तिथे आहे.

आता डाव्या-उजव्याकडे येऊ. खरी गफलत इथेच होते. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. त्याचा एक डावा कालवा, एक उजवा कालवा. डावा कोणता, हे कसं ठरलं? पाणी ज्या दिशेनं वाहतं, त्या दिशेला तोंड करून. खालच्या अंगानं धरणाकडे चालत येणाऱ्याला डावा कालवा स्वतःच्या उजव्या हाताला दिसेल, पण म्हणून कोणी पाटी बदलत नाही. डावं-उजवं नदीचं असतं, काठावरच्या माणसाचं नसतं. शरीराचंही तसंच. डावं म्हणजे रोग्याचं डावं. समोर बसलेल्या डॉक्टरच्या ते उजव्या हाताला येतं, आणि तो आयुष्यभर मनातल्या मनात ही उलटापालट करत असतो.

छातीचा एक्स-रे घेऊन तुम्ही ब्रह्मपुरीला, भंडाऱ्याला किंवा नागपूरला गेला असाल. डॉक्टर फिल्म दिव्यावर लावतात ती रोगी आपल्यासमोर तोंड करून उभा आहे अशा बेतानं. म्हणून हृदयाची सावली पाहणाऱ्याच्या उजव्या हाताकडे झुकलेली दिसते. फिल्मच्या कोपऱ्यात ‘आर’ किंवा ‘एल’ असं अक्षर असतं, ते शोभेचं नाही. फिल्म पारदर्शक असते, उलटी लागू शकते. आणि काही थोड्या माणसांचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं. ते अक्षर नसेल, तर फिल्म उलटी लागली की माणूसच तसा घडलाय, हे कशावरून ठरवणार? सीटी स्कॅनची तऱ्हा आणखी निराळी. त्यातले आडवे काप रोगी उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून वर पाहतोय अशा रीतीनं मांडलेले असतात.

चुकीच्या बाजूचं ऑपरेशन ही जगभरातल्या रुग्णालयांना छळणारी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची एक छोटी यादी काढली. भूल देण्याआधी रोग्याला त्याचं नाव, ऑपरेशन कोणतं आणि जागा कोणती हे विचारायचं, आणि जागेवर खूण केली आहे ना ते पाहायचं, हे त्यात आहे. उद्या तुमच्या टोंगळ्याचं ऑपरेशन असलं आणि पेननं खूण करायला कोणी आलं, तर ‘एवढं शिकलेले डॉक्टर, यांना माहीत नाही का?’ असं मनात आणू नका. माहीत असतं, तरीही विचारायचं असतं.

आपल्या भागात डाव्या बाजूला आणखी एक महत्त्व आहे. सिकलसेल. पूर्व विदर्भातल्या घरांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. 1958 मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, आणि 2023 च्या जुलैत त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारात पाणथरीकडे, म्हणजे प्लीहेकडे, लक्ष ठेवावं लागतं. विद्यार्थ्यांना प्लीहा पाठ करून देण्याची एक गमतीची रीत आहे, विषम आकड्यांची. 1 इंच जाड, 3 इंच रुंद, 5 इंच लांब, वजन 7 औंस, आणि जागा 9 ते 11 क्रमांकाच्या बरगड्यांच्या आत, डावीकडे. सुश्रुतसंहितेतही हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत अशीच मांडणी आहे. निरोगी माणसाची प्लीहा बरगड्यांच्या आड असते, हाताला लागत नाही.

सिकलसेलच्या लहान मुलात कधी कधी रक्त एकाएकी प्लीहेत अडकून पडतं. काही तासांत ती फुगते, मूल पांढरंफटक आणि मलूल होतं. अशा वेळी उद्यावर ढकलायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. जमैकामध्ये डॉक्टरांनी आयांनाच मुलांची प्लीहा चाचपायला शिकवलं. हे संकट लवकर ओळखू येऊ लागलं आणि त्यातले मृत्यू घटले. आपल्याकडेही आईला हे शिकवता येतं. मूल उताणं झोपवायचं, टोंगळे किंचित वाकवायचे, बोटं बेंबीच्या खालून हलके हलके डाव्या बरगडीकडे सरकवत न्यायची. बरगडीपासून सुरुवात करायची नाही. कारण फार वाढलेल्या प्लीहेची कड खाली राहून जाते आणि आपला हात तिच्यावरच फिरत राहतो. डावी बाजू अर्थात लेकराची. मूल आईकडे पाठ करून मांडीवर बसलं असेल, तर त्याचं डावं तेच आईचं डावं. समोर झोपलं असेल, तर ते आईच्या उजव्या हाताला येतं. दवाखान्यात शिकवताना मूल समोर झोपवलेलं आणि घरी ते मांडीवर, एवढ्या फरकानं हात यकृताकडे जाऊ शकतो. म्हणून हे बारकावे दवाखान्यात एकदा हाताला हात लावून शिकून घ्या.

हातापायांसाठी आणखी दोन शब्द लागतात. धडाकडचं ते प्रॉक्सिमल, बोटांच्या टोकाकडचं ते डिस्टल. बांधावरून घसरून माणूस हातावर पडला की कागदावर बहुधा ‘डिस्टल रेडियस’ लिहून येतं, म्हणजे मनगटाजवळचं हाड मोडलं. धानकापणीत डाव्या हातात मूठ आणि उजव्यात इळा. कापलं तर ‘तिसरं बोट’ असं सांगू नका. अंगठा धरून की सोडून, यावर तिसरं बोट बदलतं. मधलं, अनामिका, करंगळी अशी नावंच सांगावी. डॉक्टरसुद्धा आकडे टाळतात.

लसीचीही जागा ठरलेली असते. बीसीजी डाव्या दंडावर, गोवर-रुबेला उजव्या दंडावर. तान्ह्या बाळाची पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत, आणि मांडीचीही पुढची-बाहेरची बाजू. सूज आली तर कोणत्या लसीची ते चटकन कळतं. तान्ह्याला कुल्ल्यात सुई देत नाहीत, कारण तिथून पायाची मोठी नस जाते. मोठ्या माणसालासुद्धा तिथे द्यायची झाली तर वरच्या आणि बाहेरच्या चतकोरात, नसेपासून लांब.

शेवटी गोठ्याकडे वळू. चार पायांवर उभ्या जनावराला अँटेरिअर-पोस्टेरिअर लावलं तर घोळ होतो. माणसाचं पोट पुढे असतं, गाईचं खाली. म्हणून पशुवैद्य डोक्याकडचं क्रेनिअल, शेपटीकडचं कॉडल, पाठीचं डॉर्सल आणि पोटाचं व्हेंट्रल म्हणतात. डावं मात्र तिथेही गाईचंच. तिचं कोटीपोट डाव्या अंगाला असतं. ओला चारा जास्त खाऊन गॅस धरला, की डावी भकाळी ढोलासारखी फुगते. जीव जायची वेळ आली तर पशुवैद्य त्याच भकाळीत ट्रोकार घालून हवा सोडतात. तेव्हा डॉक्टरांना फोन करताना भकाळी डावी की उजवी, हे गाईच्या मागे उभं राहून, तिच्या तोंडाच्या दिशेनं पाहून सांगा.